दागिने, दुकान, भिशी आणि जकात: माहेर राजापूरचं, सासर मिरजेचं

ताई, तुमचा प्रश्न लांब होता, म्हणून आधी थोडक्यात मांडतो. माहेर राजापूरकडचं, तिथे बायकांच्या वापरातल्या दागिन्यांची जकात (साठलेल्या संपत्तीतून दरवर्षी अडीच टक्के गरजूंना द्यायचं बंधनकारक दान) कुणी काढत नाही. सासर मिरजेचं, तिथे सासूबाई दर रमजानमध्ये दागिन्यांचा डबा उघडून हिशोबाला बसतात. तुमच्याकडे १२ तोळे सोनं आहे. पतीचं कापडाचं दुकान, ३ लाखांची एफडी, चालू भिशी, घराचं कर्ज आणि गावाबाहेर घेतलेला एक प्लॉट. लग्नाला ६ वर्षं झाली, पण दागिन्यांची जकात एकदाही निघालेली नाही. किती काढायची, अडचणीत असलेल्या धाकट्या दिरांना दिलेली चालते का, आणि वडिलांच्या आंब्याच्या बागेचं काय, एवढं तुम्हाला हवं आहे.

मी मूळचा कोकणातला, शाफई घरातला (शाफई आणि हनफी या इस्लामी कायद्याच्या चार मसलकींपैकी, म्हणजे पंथांपैकी, दोन). हिशोबाच्या धंद्यामुळे आयुष्य कोल्हापुरात गेलं, आणि रमजानआधीचा शाबान महिना लागला की दुकानदारांचे जकातीचे हिशोब लावून देणं हे माझं कित्येक वर्षांचं काम आहे. फतवा देणं माझ्या अखत्यारीत नाही. जिथे उलेमांमध्ये मतभेद आहे तिथे दोन्ही बाजू सांगेन, निर्णय तुमच्या मुफ्तीसाहेबांना विचारून घ्या. मात्र विचारायला जाण्याआधी आकडे कागदावर असले पाहिजेत. अर्धे घोळ तिथेच मिटतात.

सगळ्यात आधी "आमच्या घरची जकात किती" हा प्रश्न बाजूला ठेवा. नमाज जशी ज्याची त्याने पढायची, तशी जकात ज्याच्या मालकीचा पैसा त्याने काढायची. तुमचं सोनं तुमचं, दुकान पतीचं, सासूबाईंच्या पाटल्या सासूबाईंच्या. तिघांचा निसाब वेगळा मोजायचा, तिघांची तारीख वेगळी असू शकते. तुमची जकात पतीने भरली तर चालते, पण तुमच्या संमतीने आणि तुमच्या वतीने. त्यांनी भरली नाही तर जबाबदारी तुमच्यावरच राहते. "माझ्या हातात रोख नसते" हे मी बहिणींकडून फार ऐकतो. रोख नसेल तर सोन्यातूनही देता येते, वजनाचा चाळिसावा भाग. एखादी अंगठी किंवा वळं मोडून जकात देणाऱ्या बायका मी पाहिल्यात, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा. आपल्याकडच्या किताबांत साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी असं लिहिलेलं असतं. इथे एक खड्डा आहे. हा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. आज सराफ तोळा म्हणतो तेव्हा १० ग्रॅम मोजतो. म्हणून तोळे विसरा आणि ग्रॅम धरा: सोनं ८७.४८ ग्रॅम, चांदी ६१२.३६ ग्रॅम. (अरबी देशांतले उलेमा ८५ आणि ५९५ धरतात, फरक किरकोळ आहे.) सराफाच्या ८ तोळ्यांचे ८० ग्रॅमच होतात. नुसतं तेवढंच सोनं असेल, सोबत चांदी नाही, शिल्लक रोकड नाही, तर किताबातले साडेसात तोळे भरत नाहीत. उलट १२ तोळ्यांचे १२० ग्रॅम. २२ कॅरेटमधलं शुद्ध सोनं काढलं तरी ११० ग्रॅम होतं, म्हणजे तुमचा निसाब भरतो.

पण "नुसतं सोनं" ही अट नीट लक्षात घ्या, कारण हनफी मसलकीत सोनं, चांदी आणि रोकड एकत्र मिळवतात. एखादीकडे ३ तोळे सोनं आणि बँकेत १० हजार रुपये आहेत. सोन्याचा निसाब कुठेच भरत नाही, तरी दोन्हींची मिळून किंमत साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी झाली तर जकात लागू. हिशोबापुरती चांदी ग्रॅमला १५० रुपये धरली तर ही मर्यादा सुमारे ९२ हजार होते. सोनं १२ हजार रुपये ग्रॅम धरलं तर सोन्याचा निसाब जवळजवळ साडेदहा लाख. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्या काळात २० दिनार (सोन्याचा निसाब) आणि २०० दिरहम (चांदीचा निसाब) यांची किंमत साधारण सारखी होती. पुढे चांदी घसरत गेली, म्हणून आज एवढी तफावत दिसते. रोकड आणि व्यापारी मालासाठी आपल्याकडचे बहुतेक उलेमा चांदीचाच निसाब धरायला सांगतात, कारण त्यात गरिबाचा फायदा आहे. मीही तोच धरतो.

आता तुमचा मूळ पेच, दागिने. हा फरक माहेर-सासरच्या रीतीचा नाही, मसलकीचा आहे (माहेर शाफई, सासर हनफी), आणि दोन्ही बाजूंना भक्कम आधार आहे. हनफी उलेमा ती हदीस (रसूलुल्लाहंच्या वचनांची नोंद) पुढे ठेवतात जिच्यात एक बाई मुलीला घेऊन येते, मुलीच्या हातात सोन्याची जाड कंकणं असतात, आणि रसूलुल्लाह विचारतात, याची जकात देतेस का? ती नाही म्हणते, तेव्हा तिला आखिरतची (परलोकातल्या शिक्षेची) ताकीद मिळते. शाफई उलेमा रसूलुल्लाहंच्या पत्नी हजरत आयेशांचं उदाहरण देतात: त्यांच्या सांभाळात असलेल्या अनाथ भाच्यांचे दागिने होते आणि त्या त्यांची जकात काढत नसत. म्हणून शाफई मसलकीत बाईने अंगावर वापरायच्या, रीतसर प्रमाणातल्या दागिन्यांवर जकात नाही.

लग्न झाल्याने मसलक बदलत नाही. तुम्ही शाफई राहू शकता, मिरजेत राहूनसुद्धा. पण मग ती मसलक पूर्ण पाळा. ही सूट वापरायच्या दागिन्यांना आहे. "अडीअडचणीला मोडू" म्हणून साठवलेलं सोनं, बिस्कीट, नाणी, चांदीची भांडी, पुरुषाच्या गळ्यातली सोन्याची चेन, यांना शाफई मसलकीतही सूट नाही. त्यांचा निसाब भरला की जकात आहेच. शिवाय शाफई मसलकीत अज्ञान मुलाच्या मालावरही जकात आहे आणि ती पालकाने काढायची असते. हनफी मसलकीत ती नाही. मुलीच्या नावावर सोनं जमवलं असेल तर हेही विचारून घ्या. दागिन्यांना शाफई आणि मुलांच्या पैशाला हनफी, अशी जिथे सूट मिळेल तिथली निवड करणारे लोक भेटतात. तसं करू नका.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, आमच्या घरी रोजच्या वापरातलं सोडून बाकी सगळं वजनात धरतो. तसं बंधन नाही, पण दोन मतांच्या मध्ये उभं असताना ज्यात गरिबाचा हक बुडण्याची शंका उरत नाही ते मला बरं वाटतं.

हनफी पद्धतीने काढायचं ठरलं तर डबा घेऊन ओळखीच्या सराफाकडे जा. लच्छ्यातले काळे मणी, नथीतले मोती, पाटल्यांत भरलेली लाख, खडे, हे सगळं वजा करून निव्वळ सोनं किती ते लिहून घ्या. घडणावळ धरायची नाही. किंमत आजची, लग्नात घेतली तेव्हाची नाही. शुद्ध सोनं १२ हजार धरलं तर २२ कॅरेटचा ग्रॅम ११ हजार, १२० ग्रॅमचे १३,२०,०००, त्याचे अडीच टक्के ३३,०००. किंवा सरळ ३ ग्रॅम सोनं. सराफाचा तो कागद जपून ठेवा. डबा बदलला नाही तोवर दरवर्षी पुन्हा वजन करायची गरज नाही, फक्त भाव नवा लावायचा.

मागच्या ६ वर्षांचं काय? तुम्ही आजवर प्रामाणिकपणे माहेरच्या मसलकीवर होता आणि दागिने वापरातले होते, तर थकबाकीच नाही. पण स्वतःला हनफी मानत होता आणि फक्त राहून गेलं असेल, तर ते कर्ज आहे; वर्षं लोटली म्हणून फिटत नाही. हिशोब वजनावर केला की सोपा जातो: पहिल्या वर्षी १२० ग्रॅमचे ३ ग्रॅम, मग उरलेल्या ११७ चे अडीच टक्के, असं ६ वेळा. एकूण सुमारे १६.९ ग्रॅम होतात, आजच्या धरलेल्या भावाने सुमारे १ लाख ८६ हजार. आकडा पाहून दचकू नका. हप्त्याहप्त्याने फेडता येतं. एका वहीत लिहा, फेडाल तसं वजा करत जा, आणि घरच्या कुणाला ती वही कुठे आहे ते सांगून ठेवा.

आता दुकान. मी दुकानात जातो तेव्हा मालक आधी बिलांची फाइल पुढे करतो. फाइल नंतर. आधी आम्ही दोघं मांडणीवरून फिरतो. शर्टिंगचे पूर्ण तागे, अर्धे तागे, कटपीसचा ढीग, ड्रेस मटेरियल, वरच्या फळीवरच्या गेल्या दिवाळीच्या साड्या, सगळं वेगवेगळं लिहायचं. खरेदीचा भाव इथे कामाचा नाही; त्या दिवशी तो माल विकायला काढला तर काय येईल ते धरायचं. गेल्या दिवाळीच्या साडीचे कुणी पूर्ण पैसे देणार नाही, मग पूर्ण पैसे धरू नका. पण ज्या ताग्याचा भाव वाढलाय तो वाढीव भावानेच धरा. घाऊक भावाने काढा म्हणणारे उलेमा आहेत, किरकोळ विक्रीच्या भावाने काढा म्हणणारेही आहेत. एक पद्धत विचारून ठरवा आणि दरवर्षी तीच वापरा. काउंटर, कपाटं, पंखे, शिलाई मशीन, स्कूटर यांवर जकात नाही, ती धंद्याची साधनं आहेत. दुकानाचा गाळा स्वतःचा असला तरी त्यावर नाही.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून एक नमुना मांडतो. खरे आकडे पतींनी भरावेत. माल ९,००,०००. गल्ल्यातली रोकड आणि बँकेतली शिल्लक १,८०,०००. एफडीची मुद्दल ३,००,०००. उधारी १,२०,०००, पण त्यातले ४०,००० येतील याची खात्री नाही, म्हणून ८०,०००. बुडीत वाटणारे ज्या दिवशी हातात येतील त्या दिवशी बघायचे. भिशी दरमहा १० हजारांची, ७ हप्ते भरलेत आणि अजून उचललेली नाही, म्हणजे ७०,००० रुपये लोकांकडे पतींचेच आहेत, ते धरायचे. भिशी आधीच उचलली असती तर उलटं झालं असतं, उरलेले हप्ते देणं म्हणून वजा गेले असते. बेरीज १५,३०,०००. यातून व्यापाऱ्यांचं देणं २,५०,००० वजा. उरले १२,८०,०००.

घराचं कर्ज १४ लाख शिल्लक आहे. ते सगळं वजा केलं तर जकातच उरत नाही, आणि हाच मोह सगळ्यांना होतो. अनेक उलेमा सांगतात की लांब मुदतीच्या कर्जात त्या दिवशी देय झालेला हप्ताच वजा करावा. काही जण येत्या वर्षभराच्या हप्त्यांना परवानगी देतात. १६ हजारांचा एक हप्ता वजा केला तर १२,६४,००० राहतात आणि जकात होते ३१,६००. वर्षाचे १२ हप्ते वजा केले तर ती ४,४०० रुपयांनी कमी होते. मी एकाच हप्त्याचा सल्ला देतो: दुकान चालू आहे, हप्ता पुढच्या कमाईतून जाणार आहे, आज शिल्लक असलेल्या मालातून नाही. (शाफई मसलकीत तर प्रबळ मत असं आहे की कर्जामुळे जकात कमी होतच नाही.)

एफडीचं व्याज या बेरजेत मी मुद्दाम घेतलेलं नाही. ती रक्कम आपली नाहीच, तर तिची जकात कसली? ती सवाबची (पुण्याची) अपेक्षा न ठेवता गरजूला देऊन टाकायची. आणि व्याजाचे पैसे देऊन "माझी जकात झाली" असं कुणी म्हणत असेल तर त्याची जकात तशीच बाकी आहे. आयकराचंही तेच. कर भरला म्हणून जकात उतरत नाही. भरायचा राहिलेला कर मात्र देणं म्हणून वजा करता येतो.

प्लॉटच्या बाबतीत घेतानाची नियत बघायची. विकून नफा कमवायचा हे पक्कं ठरवून घेतला असेल तर तो व्यापारी माल झाला, दरवर्षी बाजारभावाने धरा. घर बांधायला, मुलांसाठी, किंवा "बघू पुढे" म्हणून घेतला असेल तर त्यावर जकात नाही. विकाल तेव्हा आलेले पैसे इतर पैशांत मिसळतील. हे पतींना विचारा, आणि त्यांनी पहिलं उत्तर दिलं ते लिहून ठेवा. आकडा पाहिल्यावर नियत आठवायला बसू नये.

तारखेबद्दल दोन शब्द. रमजानमध्येच काढली पाहिजे असं नाही. पैसा पहिल्यांदा निसाबला पोहोचला ती हिजरी (इस्लामी चांद्र पंचांगाची) तारीख म्हणजे तुमचं साल. ती आठवत नसेल तर अंदाजाने एक ठरवा आणि मग बदलू नका. हनफी मसलकीत वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी निसाब असला की पुरे, मध्ये कमीजास्त झालं तरी फरक पडत नाही, मध्ये आलेला पैसाही त्याच तारखेला धरतात. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. कुणी सोयीसाठी ३१ मार्चचा ताळेबंद धरून जकात काढत असेल तर अडीच टक्के पुरणार नाहीत, सुमारे २.५८ टक्के लागतील, नाहीतर दरवर्षी ११ दिवसांची जकात बुडते.

आता द्यायची कुणाला. कुराणात सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत आठ हकदार सांगितलेत: फकीर, मिस्कीन (दोन्ही गरजूंचे प्रकार), जकातीच्या कामावर नेमलेले, ज्यांची मनं जोडायची आहेत ते, गुलामीतून सोडवायचे लोक, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातले आणि वाटेत अडकलेले मुसाफिर. पाकिस्तानात १९८० च्या कायद्याने बँकेच्या बचत खात्यातून जकात कापायची पद्धत आली, मलेशियात राज्यांच्या धार्मिक परिषदा ती गोळा करतात. आपल्याकडे सरकार यात कुठेच नाही, त्यामुळे हकदार शोधण्याची मेहनतही देणाऱ्यानेच करायची आहे.

तुमचे दीर रिक्षा चालवतात आणि आजारपणाच्या कर्जात आहेत असं तुम्ही लिहिलंय. रिक्षा पोट भरण्याचं साधन आहे, ती त्यांच्या मालमत्तेत मोजायची नाही. गरजेबाहेरचा पैसा निसाबइतका नसेल तर ते हकदार आहेत. भावानेही द्यावी, वहिनीनेही द्यावी. नात्यातल्या गरजूला देण्यात सदक्याचा (दानाचा) आणि नातं जपण्याचा असा दुहेरी सवाब आहे, हे हदीसमध्ये आलंय. एकाच गरिबाला निसाबइतकी मोठी रक्कम देणं हनफी मसलकीत नापसंत आहे, पण कर्जदाराला ती अडचण नाही, म्हणून तुकडे न पाडता एकदम द्या, एखादा सावकार तरी सुटेल. "जकात आहे" असं त्यांना सांगायची गरज नाही. मनातली नियत पुरते; हातात देताना ईदी म्हणा, मुलांच्या शाळेसाठी म्हणा. आणि नंतर घरातल्या भांडणात त्याचा उच्चारही नको. उपकार बोलून दाखवून आणि दुखावून आपला सदका वाया घालवू नका, असं सूरह बकराच्या २६४ व्या आयतीत आहे. एकत्र कुटुंबात हे पाळणं अवघड जातं, मला ठाऊक आहे, म्हणूनच सांगतोय.

दिरांनी पूर्वी तुमच्याकडून घेतलेले पैसे "माफ केले, जकातीत धरले" असं मात्र चालत नाही. जकात त्यांच्या हातात जायला हवी. मग त्यांनी स्वखुशीने त्यातून तुमचं देणं फेडलं तर ती वेगळी गोष्ट.

आईवडील, आजीआजोबा, मुलं, नातवंडं यांना जकात देता येत नाही, त्यांचा सांभाळ हे तसंही आपलंच काम आहे. सय्यद घराण्यालाही (रसूलुल्लाहंच्या वंशातल्यांना) नाही. भाऊ, बहीण, मावशी, आत्या, काका यांना देता येते. धुणंभांडी करणाऱ्या बाईला देता येते, ती हकदार असेल तर. पण दिवाळी-ईदचा बोनस म्हणून किंवा पगाराच्या बदल्यात नाही. मशिदीचं बांधकाम, कब्रस्तानची भिंत, इमामांचा पगार यासाठी चंदा वेगळा काढा. हनफी उलेमांच्या मते जकातीत गरिबाला त्या पैशाचा मालक करावं लागतं, आणि भिंत मालक होत नाही. शेजारच्या गैरमुस्लिम कुटुंबाला जरूर मदत करा, पण ती सदक्यातून. जकात मुस्लिम गरजूंसाठी आहे असं चारही मसलकींचे उलेमा मानतात.

रमजानमध्ये दारावर मदरशाचं पावतीपुस्तक घेऊन येणाऱ्यांना मी तीन गोष्टी विचारतो: जकातीचं खातं वेगळं आहे का, पैसा गरीब विद्यार्थ्यांवर जातो की बांधकामावर, आणि वसुली पगारावर आहे की टक्केवारीवर. टक्केवारी म्हटलं की मी जकात देत नाही.

वडिलांच्या बागेबद्दल: शाफई मसलकीत पिकाची जकात साठवून खाता येणाऱ्या धान्यावर आणि फळांत खजूर-द्राक्षांवर आहे. हापूस आणि काजू त्यात येत नाहीत. हंगामाचे पैसे मात्र वर्षभर शिल्लक राहिले आणि निसाब भरला तर अडीच टक्के आलेच. शेतात तांदूळ पिकत असेल आणि तूस काढलेला तांदूळ सुमारे ६५० किलोच्या वर गेला, तर पावसावरच्या पिकाचा दहावा भाग आणि पंपाने पाणी दिलेल्या पिकाचा विसावा भाग, तोही कापणी झाली की लगेच. वर्ष भरायची वाट बघायची नाही. इमाम अबू हनीफांच्या मते फळांवरही उश्र (पिकाची जकात) आहे, पण भारतातल्या जमिनींना तो लागू होतो का यावर हनफी उलेमांत दोन मतं आहेत. मिरजेकडे शेती घ्याल तेव्हा ते विचारून घ्या.

फित्रा (रमजान ईदला द्यायचं दान) वेगळा आहे, तो या हिशोबात मिसळू नका. तो माणशी असतो, ईदच्या नमाजाआधी निघायला हवा, आणि ईदच्या आदल्या दिवशी जन्मलेल्या बाळाचाही असतो. राजापूरला तुम्ही माणशी एक साअ, म्हणजे अडीच किलोच्या थोडे वर, तांदूळ मोजून देताना पाहिलं असेल; शाफई मसलकीत गावच्या मुख्य धान्यातच द्यायचा असतो. मिरजेत गव्हाचा अर्धा साअ, म्हणजे पावणेदोन किलोपर्यंत, किंवा त्याचे पैसे देतात. शाफई मसलकीत बायकोचा फित्रा नवऱ्यावर आहे, हनफीत तिचा तिच्यावर. नवऱ्याने तिच्या वतीने दिला तर दोन्हीकडे चालतो. यंदाचा दर तुमच्या मशिदीच्या फलकावर लागेल, पण तो कोणत्या धान्याचा आहे ते वाचून घ्या. खजूर किंवा मनुक्यांच्या भावाने दिला तर रक्कम बरीच वाढते, आणि ज्याला परवडतं त्याने तसाच द्यावा.